डाळीपुरतं पाणी

"इहीर बुजवून टाका, घर आठ दिवसांत विकून देतो," नत्थुजी दलाल म्हणे.

मी चहा गाळून राहिली होती. गाळणं हातातच राह्यलं. ज्या मानसाले घर विकाचं काम द्याचं म्हणून माह्या लेकीच्या, शालूच्या बाबांनी घरी बलावलं, तो मानूस माह्याच अंगणात, माह्याच खाटेवर बसून, माहीच इहीर बुजवाले सांगून राहिला होता! अन् चहा पुढं केला तं हात मागं. "आत्ताच घेऊन आलो बाई," म्हणे. कुठी घेऊन आला होता, देव जाणे. आमच्या घरी आलेले लोक नेहमी आत्ताच घेऊन आलेले राह्यत.

ही चौसष्टच्या उन्हाळ्यातली गोष्ट. आमी तवा अकोल्याले राहो, मोर्णा नदीच्या पलीकडं, शेवटच्या गल्लीत. शालूचे बाबा, म्हणजे माहे मालक देवमन, पोस्टमन होते. त्याइची बदली झाली अमरावतीले. तठी एका मास्तरचं दोन खोल्याचं घर विकाऊ होतं. मास्तर म्हणे, जून लागाच्या आत पुरे पैसे द्या अन् घर घ्या. म्हणजे अकोल्याचं घर विकणं आलं, अन् पुऱ्या भावात विकणं आलं. भाव पडला तं मास्तरचं घर गेलं, अन् आमी भाड्याच्या खोलीत.

भाड्याचं नाव काढलं की माह्या अंगाची लाही होये. मी भाड्यानं राहिलेली बाई हावो, मले मालूम हाये. खोली पाहाले गेलं की मालकीन नाव इचारे. नाव सांगितलं की आडनाव. आडनाव सांगितलं की म्हणे, "खोली तं कालच गेली वं बाई." अकोल्यात अशा तीन खोल्या आमच्यासाठी कालच गेल्या होत्या. छपन साली नागपूरहून दीक्षा घेऊन आलो, अन् पुढच्याच वर्षी मी माहे चांदीचे गोठ अन् वाळे विकले अन् जागा घेतली. माह्या नावानं घेतली. शालूचे बाबा म्हणे, "तुह्या नावानं कावून?" मी म्हटलं, "चांदी माही होती म्हणून."

इहीरबी आमीच खोदली. तो सारा मुलूख खाऱ्या पाण्याचा. अकोल्याहून बाळापूर-दर्यापूरकडं कुठीबी जा अन् कितीबी खोदा, पाणी लागते ते खारं. केस धुवा तं चिकटतात. तुरीची डाळ टाका तं दुपारपर्यंत शिजत नाही, दाणा टणकच्या टणक. आमच्या इहिरीत माह्या भावानं, डोमाजीनं, सबलीनं खडक फोडला. शालूचे बाबा डूटीवरून आले की माती भरत अन् मी दोर ओढो. बावीस हातांवर पाणी लागलं. डोमाजीनं ओंजळभर पिऊन पाह्यलं अन् खालूनच बोंबलला, "केशरे, साखर हाये वं, साखर!" मी काठावर बसून रडली. कावून रडली ते अजूनबी सांगता येत नाही.

गल्लीतलं कोनी आमचं पाणी नेत नव्हतं. म्हणजे नेत होतं, पण नेत नव्हतं. दुपारच्या उन्हात गल्ली झोपली की मागच्या कुडापाशी शेजारची मनकर्णाबाई येये, पदराखाली गंज, म्हणजे पातेलं, झाकून. "डाळीपुरतं दे वं केशरबाई," म्हणे. प्याचं नाही, आंघोळीचं नाही, डाळीपुरतं. तिच्या सासऱ्याच्या तोंडात एक दात नव्हता, त्याले मऊ वरण लागे. म्हाताऱ्यानं ते वरण सात वर्षं खाल्लं. पाणी कुठलं हे त्यानं इचारलं नाही अन् तिनं सांगितलं नाही.

तं असा सारा प्रकार. अन् हा नत्थुजी मले शिकवे. "बाई, घर तुमचं खासं हाये. दार सागवानी, छपराचे कवेलू नवे. पण गिऱ्हाईक आलं की इहीर पाहीन. इहीर पाह्यली की कोनाची म्हणून इचारन. मंग अर्धा भाव. त्यापेक्षा इहीर बुजवा, तुमी समोर येऊ नका, मी घर माह्या पाव्हण्याचं म्हणून दाखवतो."

"अन् रजिस्ट्रीच्या दिवशी सही कोन करीन?" मी म्हटलं. "तुमचा पाव्हणा?"

"तवापर्यंत इसार झालेला राह्यते, बाई. इसार झाल्यावर मानूस मागं फिरत नाही."

मी म्हटलं, "नत्थुजी, चहा थंडा झाला. उठा आता."

तो उठला. शालूचे बाबा त्याले पोचवाले फाटकापर्यंत गेले अन् तठी दोघाइची कुचकुच झाली. मले वाटलं, माफी मागून राहिले असतीन. आमचा मानूस गरीब स्वभावाचा, कोनी पाय तुडवला तं हाच म्हणीन, पाय मधात आला माफ करा.

तिसऱ्या दिवशी सकाळी दारात दोन बैलबंड्या उभ्या. मुरमानं भरलेल्या. बंडीवाला म्हणे, "इहीर कुठी हाये?"

बाप्पा! मी हातातली झाडणी टाकली अन् धावत जाऊन इहिरीच्या काठावर बसली, आत पाय सोडून. "टाक," मी म्हटलं. "पह्यलं टोपलं माह्या डोक्शावर टाक. मंग इहीर बुजवजो."

बंडीवाला हसला. त्याचे बैलबी माह्याकडं पाहून राहिले होते. शालूचे बाबा खाकी कपडे घालून, थैला खांद्यावर घेऊन ओसरीत उभे, खाली मान.

"तुमीच आणला ना मुरूम?"

"हाव."

"कावून?"

त्याइनं खांद्यावरचा थैला खाली ठेवला. मंग हळूच म्हणे, "केशर, लोकाइले पाणी दिसते, अन् पाण्यापायी आपण दिसतो. मी रोज पन्नास दारं फिरतो. पंधरा दारी पत्र पायरीवर ठेवा लागते, हातात घेत नाहीत. पाणीच नसलं तं निदान घर तरी विकलं जाईन."

मले त्याइचा राग आला अन् त्याइची दयाबी आली. पण राग जास्त आला. "शालूचे बाबा," मी म्हटलं, "वैशाखाच्या उन्हात, खाऱ्या मुलखात, गोड्या पाण्याची इहीर बुजवणारा मानूस जगात तुमच्याशिवाय दुसरा पैदा झाला नसन. पाणी लपवून, नाव लपवून घर विकलं तं अमरावतीतबी लपूनच राहा लागन. त्या मुरमाले अंगणात पसरवा, चिखल होत नाही. अन् घर मी विकतो."

"तू?"

"घर माह्या नावानं हाये ना? मंग तोंडबी माह्यंच लागन."

त्या दिवशी ते डूटीवर गेले. संध्याकाळी आले अन् मुरूम पसरवाले लागले.

आता घर कसं विकाचं, हे मले कोनी शिकवलं नव्हतं. पण मी इचार केला. माणसं घर पाह्यतात तं काय पाह्यतात? दार सागाचं का, छपराचं आडं सरळ का, कागद साफ का. बाई पाह्यते पाणी. अन् या मुलखातली बाई एकच गोष्ट इचारते, डाळ शिजते का? नत्थुजीनं वीस वर्षांत शंभर घरं विकली असतीन, पण एका बाईसंग बोलला नसन. मी म्हटलं, आपण बायाइसंगच बोलू.

बाजाराच्या दिवशी मी खेड्यातून आलेल्या बायाइच्या रांगेत जाऊन बसली. कोनी मिरच्या घेऊन बसलेली, कोनी डाळ. जी आली तिले सांगो, "घर विकणं हाये वं माय. इहिरीच्या पाण्यात डाळ घंट्याभरात शिजते. पण आगुदर सांगतो, घर बौद्धाचं हाये. मंग म्हणशीन सांगितलं नाही." कोनी हसे. कोनी पदर सावरून सरकून बसे. एक म्हातारी तं म्हणे, "घंट्याभरात? मंग तू चेटकीण हायेस." मी म्हटलं, "चेटकीण असती तं घर उचलून अमरावतीले नेलं नसतं का?"

दुसऱ्या बाजारी एक बाई माह्यापुढं येऊन उभी राह्यली. जाडजूड, उन्हानं तांबारलेली, कोपरापर्यंत बांगड्या. नाव गोदाबाई. बाळापूरकडल्या एका खेड्यातल्या खुशालराव पाटलाची बायको. पोरं अकोल्याच्या शाळेत टाकाची म्हणून नवरा-बायको घर पाहून राहिले होते.

"तूच का ते डाळवाली?" म्हणे. "खोटं बोलून राहिली असशीन."

"तुह्या वावरातली डाळ आण. तुह्या घरचं गंज आण. तुह्या हातानं शिजव. लाकूड माह्यं. तेवढं नुकसान मी सोसतो."

तिनं मले पायापासून डोक्यापर्यंत पाह्यलं. "येतो परवा," म्हणे.

अन् आली. नवऱ्याले घेऊन आली, काखेत गंज, पदराच्या गाठीत डाळ. खुशालराव आल्याबरोबर काठीनं आडं ठोकाले लागला, दाराचं लाकूड नखानं कोरून पाहे. गोदाबाईनं घराकडं पाह्यलंबी नाही. सरळ इहिरीवर गेली. तठी दोर हातात घेऊन थबकली.

"पोहरा कोनाचा हाये?"

"माहाच हाये," मी म्हटलं. आवाज मी खाली येऊ देला नाही. "पोहरा माहा, दोर माहा, इहीर माही. चालत नसन तं आल्या पायी वापस जाय. रस्ता सरळ हाये."

ती घटकाभर उभी राह्यली. मले त्या घटकेत मास्तरचं घरबी दिसलं अन् भाड्याची खोलीबी दिसली. मंग तिनं पोहरा सोडला. धप्पकन आवाज आला.

अंगणात तीन दगडांची चूल मांडली. आधण आलं, तिनं डाळ वैरली. आमी दोघी दोन बाजूले बसलो. जाळ लावता लावता ती बोलाले लागली. "आमच्या गावी सकाळी डाळ ठेवा अन् वावरातून फिरून या, तरी दाणा दाताखाली कटकन वाजते. पापडखार टाकला तं वरण काळं पडते. सासू म्हणे, सुनंचा हातच टणक. सून आळशी, लाकूड चोरते. लगन झालं तवापासून बावीस वर्षं झाली, जेवणावर बसली की एकच बोलणं. मरून गेली बिचारी, पण मरेपर्यंत बोलली."

मी लाकूड सारलं.

एक घंटाबी झाला नसन. तिनं पळीवर दोन दाणे घेतले, बोटांत धरले अन् दाबले. दाणे लोण्यासारखे फुटले. तिनं अजून दोन घेतले. ते बी फुटले. मंग पळी तशीच हातात, अन् डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"धूर लागला का वं?" मी इचारलं.

"नाही वं," ती म्हणे. "म्हणजे माही चूक नव्हती ना? बावीस वर्षं... पाण्याची चूक होती."

त्याच वक्ती फाटक वाजलं. नत्थुजी! गावात बातमी लागली असन. डोक्यावर टोपी, तोंडात पान, सरळ खुशालरावापाशी गेला अन् मोठ्या काळजीनं म्हणे, "पाटील, घर कोनाचं हाये हे मालूम हाये का तुमाले? फसान बरं."

खुशालराव बायकोकडं पाहाले लागला. गोदाबाईनं डोळे पुसले. "बाजारात भर रस्त्यावर तिनं मले सांगितलं," म्हणे. "तुमी गेल्या महिन्यात जे घर दाखवलं, त्याच्या इहिरीचं पाणी गोड सांगितलं होतं. घरी नेऊन पाह्यलं तं खारं दड्ड. तिनं खरं सांगितलं अन् तुमी खोटं. मंग फसवणारं कोन?"

नत्थुजीनं पान गिळलं वाटते. पण तो दलाल, इतक्यात हारते? म्हणे, "अवो पाटलीनबाई, या गल्लीत कोनाले बी इचारा. या इहिरीचं पाणी एक मानूस नेत नाही."

मी तोंड उघडलं अन् बंद केलं. मनकर्णाबाईचं नाव सांगणं माह्या जिभेवर आलं होतं. पण तिचं झाकलेलं गंज मी भर अंगणात उघडं कराचं, हे मले बरं वाटलं नाही. मी म्हटलं, "नेत नसतीन. तुमाले काय कराचं?"

तं फाटक अजून एक डाव वाजलं. मनकर्णाबाई! भर उजेडात, समोरच्या फाटकातून, डोक्यावरचा पदर सरळ, काखेत गंज. पदराखाली नाही, काखेत. सारी गल्ली आपापल्या दारातून पाहून राहिली होती.

"मी नेतो," ती म्हणे. "सात वर्षं झाली, रोज नेतो. माह्या सासऱ्याच्या पोटात हेच वरण जाते." अन् मंग गोदाबाईकडं वळली, आवाज एकदम साखरेवानी. "घर तूच घेऊन राहिली ना वं बाई? मंग माह्यं डाळीपुरतं पाणी चालू ठेवशीन ना? मी आत्ताच सांगून ठेवतो, मंग वाद नको."

अस्सं! म्हणजे बाईले माही काळजी नव्हती, तिले सासऱ्याच्या वरणाची काळजी होती. मले इतकं हसू आलं की मी खालीच बसली. गोदाबाई हसली. मनकर्णाबाईले काय झालं ते कळलं नाही, पण तीबी हसली. नत्थुजी कवा गेला ते कोनी पाह्यलं नाही.

गोदाबाई म्हणे, "मीठ आण वं." मी मीठ आणलं अन् वरतून हिरव्या मिरचीचा ठेचा आणला. तिनं माह्या हातातून घेतलं, डाळीत कालवलं अन् तठीच बसून खाल्लं. अर्धं मले देलं. मी माह्या गडव्यात पाणी आणून तिच्यापुढं ठेवलं. लहानपणी आमाले पाणी द्याचे तं वरतून ओंजळीत ओतत, भांड्याले हात लागू देत नसत. गोदाबाईनं गडवा उचलला, तोंडाले लावला अन् पुरा रिकामा केला. तिनं माह्यावर उपकार केले असं मी मानत नाही बरं. तिले पाणी पाह्यजे होतं अन् मले भाव. पण मले आनंद झाला. झाला तं झाला, लपवू कावून?

खुशालराव घसा खाकरून पुढं आला. "बाई, भावात काही कमी..."

"एक पैसा नाही," मी म्हटलं.

"पण घर जरा गावाच्या..."

"अवो," गोदाबाई म्हणे, "बावीस वर्षं टणक वरण खाल्लं ना तुमी? मंग गप इसार काढा."

खुशालरावानं गप इसार काढला. संध्याकाळी शालूचे बाबा घरी आले तं मी नोटा त्याइच्या पुढं ठेवल्या. ते पाह्यतच राह्यले. मंग त्याइनं पोस्टाची टोपी काढली अन् माह्या डोक्यावर ठेवली. असा थट्टेखोर मानूस नाही तो. थट्टा तेवढी एकच डाव केली.

रजिस्ट्रीच्या दिवशी कचेरीत बायाबापे, कास्तकार, कागदवाले, नुसती गर्दी. मागच्या बाकावर नत्थुजी दुसऱ्या कोनाचं तरी काम घेऊन बसला होता. उत्तमराव नावाचे म्हातारे अर्जनवीस आमचं खरेदीखत लिहून राहिले होते. लिहून झालं अन् ते पुटपुटत वाचाले लागले, "लिहून देणार, केशरबाई भ्रतार देवमन सिरसाट, वय वर्षे छत्तीस, जात..." अन् तठी त्याइनं आवाज गिळला अन् पुढं गेले.

"थांबा," मी म्हटलं. "जातीच्या जागी काय लिहिलं?"

"लिहिलं ना बाई, जे राह्यते ते."

मले अक्षरं जोडून वाचता ये. दीक्षेनंतर शालूच्या पाटीवर मीबी शिकली होती. मी कागदावर बोट ठेवलं. त्याइनं सवयीनं जुनंच लिहिलं होतं. मानूस वाईट नव्हता. म्हणे, "बाई, समदं लिहून झालं, आता खोडाखोड कावून? रजिस्टार साहेबापुढं हळूच वाचून टाकतो. कोनाले ऐकू जात नाही."

"मले हळूच नाही पाह्यजे," मी म्हटलं. "खोडा. बौद्ध लिहा."

साहेबाची वेळ सरत आली होती, खुशालराव घड्याळ पाहून राहिला होता. आज झालं नाही तं मास्तरची मुदत उद्या सरत होती. शालूच्या बाबाइकडं पाह्यलं. मले वाटलं, म्हणतीन, जाऊ दे केशर. ते पुढं आले, उत्तमरावापाशी वाकले अन् म्हणे, "ते म्हणते तसं लिहा साहेब. घर तिचं हाये."

उत्तमरावानं खोडलं. वरती लिहिलं. बाजूले त्याइची सही केली, माही सही घेतली, गोदाबाईचा अंगठा घेतला.

"आता वाचा," मी म्हटलं. "मोठ्यानं."

"वाचा ना," गोदाबाई म्हणे. "मलेबी तं ऐकू द्या, घर कोनाकडून घेऊन राहिली."

उत्तमराव उभे राह्यले. कचेरीतली कुजबूज थांबली. म्हाताऱ्याचा आवाज चांगला खणखणीत होता, एवढे दिवस उगाच दाबून ठेवला होता. "लिहून देणार, केशरबाई भ्रतार देवमन सिरसाट, वय वर्षे छत्तीस, जात बौद्ध, धंदा घरकाम, राहणार अकोला. माझे मालकीचे घर, गोड्या पाण्याच्या विहिरीसह, पुऱ्या किमतीत, राजीखुशीने..."

आवाज मागच्या बाकापर्यंत गेला. नत्थुजी खाली मान घालून आपल्या कागदाची घडी करून राहिला होता.

"अजून एक डाव," मी म्हटलं.

उत्तमरावानं चष्मा पुसला अन् पह्यल्यापासून वाचाले सुरुवात केली.